इंग्रजी म्हणजे बिघडलेली फ्रेंच नव्हे

फ्रान्समध्ये एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या फिरत आलं आहे: इंग्रजी ही वेगळी भाषाच नाही, ती वाईट उच्चारांची फ्रेंच आहे. कुणी ते पंतप्रधान जॉर्ज क्लेमांसोच्या नावावर सांगतं, कुणी अलेक्झांद्र द्युमाच्या कादंबरीतल्या दार्तान्याँच्या. २०२४ साली बेर्नार सेर्किग्लिनी या मान्यवर भाषाशास्त्रज्ञांनी ते थेट आपल्या पुस्तकाच्या शीर्षकात घेतलं. सेर्किग्लिनी फ्रेंच भाषेच्या इतिहासातले जाणकार. इंग्रजीने फ्रेंचकडून काय घेतलं, किती घेतलं, हा त्यांचा विषय, आणि त्या इतिहासाशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते या वाक्यावरून शिकवणीचा धडा काढणाऱ्यांशी.

तो धडा असा. फ्रेंच माणसाला सुरुवातीचं इंग्रजी तेवढं कष्टाचं. अनियमित क्रियापदं पाठ करा, 'थ'चा उच्चार घोटा, आणि एकदा बाकालोरेआ या शालान्त परीक्षेला अपेक्षित असलेल्या, भाषाज्ञानाच्या युरोपीय मापातल्या बी-२ पातळीपर्यंत पोचलात की पुढचा सगळा शब्दसंग्रह तुमच्या घरचाच आहे. 'जस्टिस', 'लिबर्टी', 'डिसिजन', 'गव्हर्न्मेंट', 'अ‍ॅडमिरेबल'... हजारो शब्द फुकटात. जपानी किंवा अरबी विद्यार्थ्याने ज्यांच्यासाठी वर्षं घालवायची, ते तुम्ही नुसते ओळखायचे.

फ्रेंच मातृभाषा असलेल्या प्रौढांना इंग्रजी शिकवणं हे माझं रोजचं काम आहे. हा धडा मी वर्गावर्गांत ऐकते आणि त्याचे परिणाम वह्यावह्यांत तपासते. तो चुकीचा तर आहेच, शिवाय शिकणाऱ्याचं नुकसान करणारा आहे. प्रगत इंग्रजी शब्दसंग्रह फ्रेंच माणसाला अवघड जातो, आणि सोपेपणाचं म्हणून जे कारण सांगितलं जातं, नेमकं त्याच कारणाने अवघड जातो.

आधी आकड्यांकडे बघू, कारण हा धडा देणारे लोक आकडे पुढे करतात. १९७३ साली टोमास फिंकेनश्टेट आणि डीटर वोल्फ या दोघांनी शॉर्टर ऑक्सफर्ड कोशाच्या आधारे सुमारे ८०,००० इंग्रजी शब्दांची कुळं मोजली. त्यांत २८ टक्क्यांच्या आसपास शब्द फ्रेंचमधून आलेले निघाले, जवळपास तितकेच लॅटिनमधून, आणि इंग्रजीच्या मूळच्या जर्मॅनिक घराण्यातले साधारण पाव. मोजणी खरी आहे. पण कोशातल्या मोजणीत प्रत्येक शब्दाला एकच मत असतं. दिवसातून शेकडो वेळा तोंडी येणारा 'गेट' आणि वर्षातून एकदाही न भेटणारा 'पर्स्पिकेशस' यांना तिथे सारखंच वजन. माणसं बोलतात, पत्रं लिहितात, भांडतात, कादंबऱ्या लिहितात तेव्हा हे प्रमाण पार उलटतं. सर्वाधिक वापराच्या शंभर इंग्रजी शब्दांत फ्रेंच कुळातला शब्द शोधून काढावा लागतो. तेव्हा 'अर्धी इंग्रजी आपलीच' हे वाक्य कोशाबद्दल खरं असेल, भाषेबद्दल नाही.

आता इतिहासाकडे येऊ, कारण खरी गोम तिथे आहे. १०६६ साली हेस्टिंग्जच्या लढाईत नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम जिंकला आणि इंग्लंडच्या दरबाराची, न्यायालयांची, सरदारघराण्यांची भाषा फ्रेंच झाली. शेतात, गोठ्यात, चुलीपाशी इंग्रजीच राहिली. पुढच्या तीनेक शतकांत, विशेषतः तेराव्या-चौदाव्या शतकांत, फ्रेंच शब्दांचा लोंढा इंग्रजीत उतरला, पण तो वरून खाली उतरला. ज्या कामाला घरात एक शब्द होता त्याच कामाला वाड्यावर दुसरा आला, आणि पुढे पंडितांनी लॅटिनमधून तिसरा आणला. विचारणं 'आस्क'ही झालं, 'क्वेश्चन'ही आणि 'इंटरॉगेट'ही. सुरुवात करणं 'बिगिन' होतं, त्याच्या डोक्यावर 'कमेन्स' येऊन बसलं.

फ्रेंचमध्ये 'कोमांसे' हा शब्द दोन वर्षांचं मूलही वापरतं. जेवण 'कोमांसे' होतं, पाऊस 'कोमांसे' होतो, शाळा 'कोमांसे' होते. इंग्रजीत तोच शब्द न्यायालयीन नोटिशीत, करारात, पदवीदान समारंभात भेटतो. फ्रेंच पाहुणी जेवणाच्या टेबलावर म्हणते, 'शॅल वुई कमेन्स?' व्याकरण बरोबर, अर्थ बरोबर, उच्चारही सुधारलेला. आणि तरी यजमानांना क्षणभर सभेचं कामकाज सुरू झाल्यासारखं वाटतं. संस्कृत उत्तम जाणणारा परप्रांतीय आपल्याकडे येऊन 'मला जल द्या, मी आता भोजनास आरंभ करतो' म्हणाला तर आपल्याला जसं वाटेल तसं. त्याचे शब्द चुकलेले नसतात. घरात कुठला शब्द वापरतात आणि व्यासपीठावर कुठला, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

हे एका शब्दाचं नाही. किमती वाढल्या म्हणायचं तर फ्रेंच विद्यार्थी 'प्राइसेस ऑग्मेन्टेड' लिहितो, कारण त्याच्याकडे 'ओग्मांते' आहे. सभा रद्द झाली तर 'अ‍ॅनल' करतो, सवय सोडली तर 'अ‍ॅबॅन्डन' करतो, शेजाऱ्याचा त्रास 'टॉलरेट' करतो. इंग्रज माणूस 'गो अप', 'कॉल ऑफ', 'गिव्ह अप', 'पुट अप विथ' म्हणून मोकळा होतो. फ्रेंच विद्यार्थ्याचं इंग्रजी जितकं 'प्रगत' होतं तितकं ते वकिलाच्या पत्रासारखं होत जातं, आणि वर्गातली बाई त्याला 'शब्दसंग्रह समृद्ध' असा शेरा देते. या शेऱ्याबद्दल मला मनापासून राग आहे. तो शेरा मिळालेला मुलगा पुढे लंडनमध्ये किंवा डब्लिनमध्ये नोकरीला लागतो आणि सहकारी आपल्याला कोरडे, आढ्यतेखोर का समजतात हे त्याला वर्षानुवर्षं कळत नाही.

'बरं, बोलीभाषेचं जाऊ द्या,' समोरचे म्हणतात, 'पण कायदा, प्रशासन, विद्या, तिथे तर सगळं फ्रेंचच आहे ना?' मग कायदाच घेऊ. इंग्लंडमध्ये १३६२ साली खटल्यांचं कामकाज इंग्रजीत चालावं असा कायदा झाला, तरी वकिलांची फ्रेंच अठराव्या शतकापर्यंत तगून राहिली. आजही ब्रिटिश संसदेत विधेयकाला राजाची संमती जाहीर होते ती जुन्या नॉर्मन फ्रेंचमध्ये. म्हणजे फ्रेंच वकिलाला इंग्रजी कायद्यात माहेरी आल्यासारखं वाटायला हवं. प्रत्यक्षात त्याच्या इतकं फसण्याचं भय दुसऱ्या कुणाला नाही.

'प्लेन्टिफ' म्हणजे इंग्रजीत फिर्याद मांडणारा वादी. फ्रेंचमध्ये 'प्लँतीफ' म्हणजे केविलवाणा, रडवेल्या सुराचा. वादीला ते 'दमांदर' म्हणतात. 'एव्हिडन्स' म्हणजे पुरावा. फ्रेंच 'एव्हिदांस' म्हणजे जिला पुराव्याची गरजच नाही अशी उघड गोष्ट. 'ज्युरिसप्रूडन्स' म्हटलं की इंग्रजीत कायद्याचं तत्त्वज्ञान समोर येतं. आपल्याकडच्या विधी महाविद्यालयांतही न्यायशास्त्राचा पेपर याच नावाने ओळखला जातो. फ्रान्समध्ये त्याच शब्दाचा अर्थ न्यायालयांनी दिलेल्या निवाड्यांचा साठा. फ्रान्समध्ये न्यायाधीशही 'माजिस्त्रा' आणि सरकारी अभियोक्ताही 'माजिस्त्रा'. इंग्लंडमधला 'मॅजिस्ट्रेट' बहुतांशी विनावेतन काम करणारा सामान्य नागरिक असतो. फ्रेंच 'प्रोसे' म्हणजे खटला, इंग्रजी 'प्रोसेस' म्हणजे प्रक्रिया. ज्या क्षेत्रात सर्वांत जास्त शब्द सामाईक, त्याच क्षेत्रात एकही शब्द डोळे मिटून वापरता येत नाही. हे असं व्हायचंच होतं. शब्द एकाच ठिकाणाहून निघाले. मग सहा-सातशे वर्षं एक इंग्लंडच्या न्यायालयांत राहिला, दुसरा फ्रान्सच्या. मधल्या काळात फ्रान्सने क्रांती केली, नेपोलियनची संहिता आणली, आणि इंग्लंडने निवाड्यांवर आधारलेला आपला कायदा तसाच पुढे नेला. संस्था बदलल्यावर त्यांची नावं जुन्या अर्थाला धरून कशी बसतील?

या फसव्या शब्दांना 'फो-आमी' म्हणजे खोटे मित्र हे नाव मिळालं ते मॅक्सिम केस्लेर आणि ज्यूल देरोकिन्यी यांच्या १९२८ सालच्या पुस्तकापासून. त्याला शंभर वर्षं होत आली. त्यामुळे हा मुद्दा काढला की लगेच उत्तर येतं: ठाऊक आहे, खोट्या मित्रांची यादी असते, दोन पानांची, पाठ केली की संपलं.

संपत नाही, कारण त्या यादीत जे असतात ते निरुपद्रवी आहेत. 'लिब्रेरी' म्हणजे पुस्तकांचं दुकान आणि 'लायब्ररी' म्हणजे ग्रंथालय, ही चूक एकदा होते, लोक हसतात, पुन्हा होत नाही. पुण्या-मुंबईत अकरावी-बारावीला फ्रेंच घेणारी मुलंही उलट्या दिशेने याच शब्दावर अडखळतात आणि आठवड्याभरात सावरतात. खरा धोका त्या शब्दांचा आहे, जे यादीत जातच नाहीत, कारण ते बहुतेक ठिकाणी खरोखरच मित्र असतात. 'इम्पॉर्टंट' घ्या. महत्त्वाचा निर्णय, महत्त्वाची व्यक्ती, दोन्ही भाषांत जुळतं. मग फ्रेंच माणूस 'अ‍ॅन इम्पॉर्टंट सम' लिहितो आणि त्याला म्हणायचं असतं मोठी रक्कम. 'अ‍ॅन इम्पॉर्टंट डिले' लिहितो आणि म्हणायचं असतं बराच उशीर. वाचणारा इंग्रज अडखळत नाही, कारण वाक्याला अर्थ आहे. तो वेगळा अर्थ घेऊन पुढे जातो, आणि चूक झाल्याचं दोघांपैकी कुणालाही कळत नाही.

हैफा विद्यापीठातल्या बातिया लाउफर यांनी परभाषेतल्या वाचनाबद्दल लिहिताना शब्दांचे प्रकार पाडले: माहीत नसलेले, अंदाज न करता येणारे, आणि माहीत आहेत असं वाटणारे. तिसऱ्या प्रकाराबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचं आहे. अनोळखी शब्द वाचकाला थांबवतो, कोश उघडायला लावतो. ओळखीचा चेहरा दिसला की वाचक थांबत नाही. इंग्रजी मजकूर वाचणाऱ्या जपानी विद्यार्थ्याला आपल्याला काय येत नाही हे ठाऊक असतं. फ्रेंच विद्यार्थ्याला ते ठाऊक नसतं. आणि आपण वर्गात उभं राहून त्याला सांगतो की बाळा, यातलं बहुतेक तुला येतंच!

कुणी म्हणेल, या विद्यार्थ्यांच्या चुका झाल्या. वरच्या पातळीवर पोचलेले लोक असं करत नाहीत. मग लक्झेंबर्गला जाऊ. युरोपीय संघाच्या लेखापरीक्षण न्यायालयात जेरेमी गार्डनर हे अनुवादक होते. २०१३ साली त्यांनी युरोपीय संघाच्या प्रकाशनांत चुकीच्या अर्थाने वापरल्या जाणाऱ्या इंग्रजी शब्दांवर एक दस्तऐवज तयार केला. ही प्रकाशनं लिहिणारे नवशिके नव्हेत. अनेक भाषा जाणणारे, इंग्रजीत आयुष्य काढलेले अधिकारी आहेत. आणि त्या दस्तऐवजातले कितीतरी शब्द सरळ फ्रेंचच्या सावलीतले आहेत. 'कंट्रोल' म्हणजे तपासणी, कारण फ्रेंच 'काँत्रोल' म्हणजे तपासणी. इंग्रजीत मात्र तो ताबा. 'डिस्पोज ऑफ' म्हणजे जवळ असणं, कारण फ्रेंचमध्ये 'दिस्पोझे'चा तसा अर्थ होतो. इंग्रजीत त्याचा अर्थ काढून टाकणं, विल्हेवाट लावणं. एखाद्या खात्याकडे माहिती उपलब्ध आहे असं लिहायचं आणि नागरिकाने वाचायचं की खात्याने माहिती नष्ट केली. पातळी वाढली तरी या चुका गेल्या नाहीत, कारण त्या अज्ञानातून आलेल्याच नाहीत; आलेल्या आहेत खात्रीतून.

बेल्जियममधल्या लुव्हाँच्या फ्रेंचभाषक विद्यापीठात सिल्व्हियान ग्रांजे यांनी परभाषकांच्या इंग्रजी लेखनाचा मोठा संग्रह उभा केला. त्यांच्या अभ्यासातली एक गोष्ट मी दर वर्षी नव्या वर्गाला दाखवते. १९९८ साली त्यांनी फ्रेंचभाषक विद्यार्थ्यांच्या आणि इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांच्या निबंधांत, विशेषणाला जोर देणारी क्रियाविशेषणं तपासली. फ्रेंच विद्यार्थी 'कम्प्लीटली' आणि 'टोटली' गरजेपेक्षा कितीतरी जास्त वापरत होते. 'हायली' फार कमी. कारण उघड आहे. पहिल्या दोघांना फ्रेंचमध्ये 'काँप्लेत्माँ' आणि 'तोतालमाँ' असे हुबेहूब जुळे भाऊ आहेत, 'हायली'ला तसा कुणी नाही. यात एकही शब्द चुकलेला नाही, हे लक्षात घ्या. खोट्या मित्रांची कुठलीही यादी हे पकडणार नाही. पण इंग्रजीत विशेषणं आपापले सोबती ठरवून बसलेली असतात: 'हायली लाइकली', 'डीपली हर्ट', 'बिटरली डिसअपॉइंटेड'. सगळीकडे 'टोटली' लावणारं लेखन बरोबर असूनही एकसुरी आणि परकं वाटतं. ग्रांजे आणि स्टेफनी टायसन यांना त्याआधी, १९९६ साली, वाक्यं जोडणाऱ्या शब्दांतही हेच दिसलं होतं. 'इंडीड'चा अतिरेक, आणि 'ऑन द कॉन्ट्ररी'चा गैरवापर. इंग्रजीत हा शब्दसमूह आधीचं विधान खोडून काढतो. फ्रेंच विद्यार्थी तो दोन गोष्टींतला साधा फरक दाखवायला वापरतो, कारण 'ओ काँत्रेर' ते काम करतो. वाचणाऱ्याला वाटतं, लेखक कुणाशी तरी वाद घालतो आहे.

आणि अशा विद्यार्थ्याच्या हातात आपण काय देतो? प्रगत शब्दांची यादी. न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली विद्याविषयक इंग्रजीची यादी काढली, ५७० शब्दकुलांची, म्हणजे एकेका मूळ शब्दाभोवती जमलेल्या शब्दांच्या गटांची. काम अत्यंत उपयोगी आहे. पण त्या यादीतली बहुसंख्य कुलं ग्रीक-लॅटिन उगमाची आहेत, म्हणजे फ्रेंच माणसाला ती पाहताक्षणी ओळखू येतात. अमेरिकी प्रवेशपरीक्षांसाठी विकल्या जाणाऱ्या याद्यांचं तर विचारूच नका. 'इफेमरल', 'यूबिक्विटस', 'पर्स्पिकेशस'. टेक्सासच्या मुलाला हे शब्द शिकावे लागतात. ल्योनच्या मुलीला ते 'एफेमेर', 'युबिक्विते', 'पेर्स्पिकास' म्हणून घरीच भेटलेले असतात. तिचे सहा महिने अशा याद्यांवर घालवणं म्हणजे तिला जे येतं ते पुन्हा विकणं. तिला खूप शिकल्यासारखं वाटतं, चाचणीत गुण चांगले येतात, संस्थेची फी वसूल होते. मला हा उघड अन्याय वाटतो.

कारण तिला जे खरोखर येत नाही ते कुठल्याच प्रगत यादीत नसतं. ते शब्द आखूड असतात, घरगुती दिसतात, म्हणून ते 'सोपे' धरले जातात. बघण्याची क्रियापदं घ्या: 'ग्लान्स', 'स्टेअर', 'ग्लेअर', 'पीअर', 'गेझ', 'पीप'. फ्रेंचमध्ये हे बहुधा 'नजर' या नामाला जोड लावून सांगतात: नजर टाकली, नजर खिळवली, रागाची नजर फेकली. 'इकॉनॉमिस्ट'चा अग्रलेख सहज वाचणारा माझा फ्रेंच विद्यार्थी रोआल्ड डालच्या मुलांच्या पुस्तकात पानोपानी अडतो, कारण तिथे माणसं पुटपुटतात, दचकतात, खिदळतात, पाय ओढत चालतात, आणि त्या प्रत्येक हालचालीला इंग्रजीत एकेक आखूड, वेगळा शब्द आहे. मराठी वाचकाला या श्रीमंतीचं नवल वाटायला नको. डोकावणं, टक लावणं, डोळे वटारणं, किलकिल्या डोळ्यांनी बघणं, आपणही हे वेगळं ठेवतो, आणि असल्या शब्दांवाचून आपलं कुठलंही गोष्टीचं पुस्तक उभं राहत नाही.

वाक्य बांधण्यातही हाच फरक पडतो. फ्रेंच वैमानिक ब्लेरिओने १९०९ साली इंग्लिश खाडी विमानाने ओलांडली, हे फ्रेंच जवळपास आपल्यासारखंच सांगते: ओलांडणं हे क्रियापद, आणि कसं ओलांडलं ते बाजूला. इंग्रजी उलटं करते. ब्लेरिओ 'फ्लू अक्रॉस'. कसं गेला ते क्रियापदात, कुठून कुठे ते त्या इवल्याशा 'अक्रॉस'मध्ये. व्हिने आणि दार्बेल्ने यांनी १९५८ साली फ्रेंच आणि इंग्रजी शैलींच्या तुलनेचं पुस्तक लिहून ही अदलाबदल अनुवादकांना नीट समजावून दिली होती. पासष्ट वर्षांहून जास्त काळ ती अनुवादाच्या वर्गांत शिकवली जाते आहे, आणि शब्दसंग्रहाच्या वर्गात मात्र अजून शिरलेली नाही. त्यामुळे 'लिम्प', 'टिपटो', 'स्टॅगर', 'ड्रिफ्ट' ही क्रियापदं आणि 'अप', 'आउट', 'ओव्हर', 'अवे' हे शेपटाचे शब्द एकमेकांत कसे मिसळतात, हे प्रगत फ्रेंच विद्यार्थ्याला कुणी शिकवतच नाही. तो 'क्रॉस' लिहितो, 'एन्टर' लिहितो, 'डिसेंड' लिहितो. सगळं बरोबर, सगळं निर्जीव.

कानाचा मुद्दा वेगळाच आहे आणि तो या 'फुकटच्या शब्दां'ना सर्वांत जास्त लागू पडतो. फ्रेंचमध्ये आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नाही. जोर पडतो तो शब्दसमूहाच्या शेवटी. १९९७ साली एमान्युएल द्युपू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगाने दाखवलं की फक्त आघाताची जागा बदललेले शब्द वेगळे ओळखताना फ्रेंच भाषकांची फार तारांबळ उडते. स्पॅनिश भाषकांची उडत नाही. आता इंग्रजीकडे बघा. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अक्षरावर, 'फटॉग्रफर'मध्ये दुसऱ्यावर, 'फोटोग्रॅफिक'मध्ये तिसऱ्यावर, आणि जोर हलला की बाकीचे स्वर मिटतात. 'कम्फर्टेबल' बोलताना 'कम्फ्टबल' होतो, 'व्हेजिटेबल' बोलताना 'व्हेज्टबल'. फ्रेंच कान 'काँफोर्ताब्ल' शोधत असतो आणि शब्द त्याच्या शेजारून निघून जातो. कागदावरचा सख्खा भाऊ कानाला अनोळखी. त्यात फ्रान्समध्ये परदेशी चित्रपट आणि मालिका बहुतेक लोक फ्रेंच आवाजातच पाहत आलेले, त्यामुळे कानाला सवय लागण्याची वाटही अरुंद. ज्या शब्दांवर लिखित ओळखीचा शिक्का आधीच बसला आहे त्यांचा उच्चार विद्यार्थी शिकायला जात नाही. अनोळखी 'श्रग' किंवा 'नज' मात्र तो ऐकूनच शिकतो, म्हणून बरोबर शिकतो.

समान शब्दांचा फायदा नाही असं मी म्हणत नाही. वैज्ञानिक लेख, वृत्तपत्रातलं राजकारण, कंपनीचा अहवाल, हे वाचताना फ्रेंच माणूस इतरांपेक्षा पुढे असतो, आणि ती पुढची जागा त्याने जरूर घ्यावी. माझं म्हणणं इतकंच की तो फायदा पहिल्या एक-दोन वर्षांचा आहे आणि तिथेच त्याचा हिशेब मिटवायला हवा. सुरुवातीला हे शब्द हाती द्या, वाचनाची भीती घालवा. बी-२च्या पुढे मात्र उलट्या दिशेने चाला: प्रत्येक ओळखीचा शब्द अनोळखी समजून पुन्हा तपासा, तो कुणासोबत बसतो, कुठल्या दर्जाच्या बोलण्यात येतो, जोर कुठे पडतो, फ्रेंचमध्ये नसलेला कुठला अर्थ त्याला आहे. नवीन शब्द म्हणून आखूड शब्द शिका, ते कादंबऱ्यांतून, नाटकांतून, स्वयंपाकाच्या आणि खेळांच्या बोलण्यातून. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या २००६ सालच्या हिशेबाप्रमाणे इंग्रजी कादंबरी कोशाशिवाय वाचायला आठ ते नऊ हजार शब्दकुलं लागतात. त्यांतली फ्रेंच माणसाकडे नसलेली कुठली, ते वेगळं काढून शिकवणारा अभ्यासक्रम हवा, आणि तो जपानी किंवा मराठी विद्यार्थ्याच्या अभ्यासक्रमापेक्षा वेगळा हवा. एकच प्रगत पुस्तक जगभर खपवण्यात प्रकाशकांची सोय आहे, विद्यार्थ्याची नाही.

शेवटचा आक्षेप हल्ली फार ऐकू येतो. जगात इंग्रजी बोलणारे बहुतेक लोक इंग्रज नाहीत. मग इंग्रजांच्या 'गिव्ह अप'शी आपल्याला काय करायचंय? ब्राझिलियन, पोलिश, भारतीय माणसांशी बोलायचं तर लॅटिन मुळांचे शब्दच बरे, सगळ्यांना कळतात. ऐकायला हे उदार आणि आधुनिक वाटतं. त्याला माझं उत्तर माझ्याकडे दुरुस्तीसाठी आलेल्या एका पत्रातलं आहे. ल्योनजवळच्या एका कारखान्यातून पुण्याजवळच्या पुरवठादाराला ते आधीच गेलं होतं. मजकूर असा होता: 'वुई डिमांड यू टु रिस्पेक्ट द डिले. अ‍ॅक्च्युअली वुई डिस्पोज ऑफ थ्री मशीन्स, इव्हेन्च्युअली अ फोर्थ.' लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं: कृपया मुदत पाळावी अशी विनंती आहे, सध्या आमच्याकडे तीन यंत्रं आहेत, गरज पडल्यास चौथंही मिळेल. फ्रेंचच्या हिशेबाने यातला प्रत्येक शब्द सभ्य आणि बरोबर आहे. 'दमांदे' म्हणजे विचारणं, 'देले' म्हणजे मुदत, 'आक्त्युएलमाँ' म्हणजे सध्या, 'एव्हांत्युएलमाँ' म्हणजे गरज पडल्यास.

पुण्याचा अभियंता इंग्रज नव्हता. पण त्याने इंग्रजी शाळेत, वर्तमानपत्रातून, कामातून शिकलेली. त्याच्या शब्दांना इंग्रजी अर्थ होते, फ्रेंच नव्हते. त्याने वाचलं ते असं: उशिराचा मान राखा असा आमचा हुकूम आहे, खरं तर आम्ही तीन यंत्रं काढून टाकतो आहोत, आणि शेवटी चौथंही. त्याने वरिष्ठांना कळवलं की गिऱ्हाईक उत्पादन बंद करतं आहे आणि वर उद्धटपणे बोलतं आहे. माल थांबला. दोन्हीकडची माणसं मनाने सरळ होती, दोघांपैकी कुणीही इंग्रज नव्हतं, आणि पत्रातला प्रत्येक मोठा शब्द लॅटिन मुळाचाच होता. ते पत्र मी दुरुस्त केलं तेव्हा त्यात 'आस्क', 'डेडलाइन', 'नाऊ', 'हॅव' आणि 'इफ नीड बी' एवढंच घालावं लागलं. लिहिणाऱ्या बाईंकडे बी-२च्या वरच्या सी-१ पातळीचं प्रमाणपत्र होतं, आणि हे सगळे शब्द त्यांना शाळेपासून येत होते. पुरेसे प्रगत नाहीत म्हणून त्यांनी ते वापरले नव्हते.